घर खिशात, पत गावात: गेनशिनमधला टीपॉट आणि रेप्युटेशन

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ते काय ते’ थोडे गाळलेत, सगळे नाही.)

कानात हेडफोन असेल तर आवाज जरा कमी करा, कारण मागे आमच्याकडे पाऊस वाजतोय. भंडाऱ्याचा पाऊस, त्याला म्यूट बटण नाही.

तुमसरहून एक व्हॉइस नोट आली होती. प्रश्न असा: “दादा, गेनशिनमध्ये आधी टीपॉटमध्ये घर बांधू की रेप्युटेशन वाढवू? दोन्हीला वेळ नाही, बारावी आहे.” मी दोन मिनिटांत उत्तर देणार होतो. पण विचार करायला बसलो तर लक्षात आलं की या प्रश्नात एक भारी गोष्ट लपलीय. घर म्हणजे काय आणि गावात ओळख असणं म्हणजे काय, या दोन गोष्टी गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम वेगळ्या करून ठेवल्यात. ते एकदा समजलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सापडतं.

जे गेनशिन खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गेनशिन इम्पॅक्ट हा शांघायच्या मिहोयो कंपनीचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. २८ सप्टेंबर २०२० ला आला. तारीख लक्षात ठेवा, कारण ते दिवस आपल्याकडे विचित्र होते. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेनं भंडारा शहराची काय दशा केली ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी ओसरलं नाही तोच २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲप बंद केले, त्यात पब्जी मोबाइल गेला. लॉकडाऊन चालू, कॉलेज बंद, पब्जी गायब. अशा वेळी फुकटात एवढं मोठं जग फोनवर आलं. फुकट म्हणजे डाउनलोड फुकट हो. वीस जीबीच्या वर जागा खातो, आणि रोजच्या दीड जीबी डेटावर तो उतरवायचा म्हणजे पखवाडा गेला. ज्याच्या घरी वायफाय, त्याच्या ओट्यावर बसून उतरवणारे पुष्कळ असतील.

गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजीतून खेळावं लागतं. तरी पोरं खेळतात, आणि मजा म्हणजे ‘रेप्युटेशन’, ‘बाउंटी’, ‘रिक्वेस्ट’ हे शब्द त्यांना शाळेत नाही, इथे पाठ झालेत.

गाव ओळखायला वेळ लागतो

आधी रेप्युटेशन. त्याला मी ‘पत’ म्हणणार, कारण आपल्याकडे तोच शब्द आहे. किराणा दुकानदार वही काढून उधार लिहितो, ते पत असते म्हणून.

या गेममध्ये एक जग आहे आणि त्यात वेगवेगळे प्रदेश. मॉन्डस्टाट, लीयुए, इनाझुमा, सुमेरू, फॉन्टेन, असे एकेक वाढत गेले. पतीची पद्धत नोव्हेंबर २०२० च्या १.१ अपडेटमध्ये आली. ॲडव्हेंचर रँक २५ झाला आणि सुरुवातीची मुख्य गोष्ट पुरी झाली की मॉन्डस्टाटमध्ये हर्था नावाची बाई भेटते, लीयुएमध्ये यू बाई. ग्रामपंचायतीच्या खिडकीवर बसल्यासारख्या त्या तुमची नोंद ठेवतात. किती काम केलं, कोणाचं केलं.

पत वाढते चार वाटांनी. नकाशा किती टक्के उघडला, त्या प्रदेशातल्या गोष्टी किती पुऱ्या केल्या, बाउंटी म्हणजे माग काढून एखादा राक्षस मारला का, आणि रिक्वेस्ट म्हणजे गावकऱ्यांची बारीकसारीक कामं. या रिक्वेस्ट ऐकायला कंटाळवाण्या वाटतात: याचं पार्सल त्याला दे, अमुक औषध आणून दे. एका प्रकारात तर पार्सल नाजूक असतं, वाटेत मार बसला की गेलं. डिलिव्हरी बॉयचं दुःख कळायला हा गेम उत्तम.

आता मुख्य गोम. बाउंटी आठवड्याला तीनच, रिक्वेस्टही आठवड्याला तीनच. सगळे प्रदेश मिळून. म्हणजे लीयुएच्या तीन बाउंटी केल्या की मॉन्डस्टाटसाठी त्या आठवड्यात एकही उरत नाही. रिक्वेस्टला ४० गुण, बाउंटीला ताऱ्यांप्रमाणे ६०, ८० किंवा १००. हिशेब करा: सगळ्या तीन ताऱ्यांच्या मिळाल्या तर ३०० आणि वर १२०, आठवड्याचे ४२० गुण, त्याच्या वर नाही. तुम्ही रात्रभर जागा, नवा फोन घ्या, कंपनीला पैसे पाठवा, ४२० चे ४२१ होणार नाहीत. नकाशा आणि गोष्टी यांना ही मर्यादा नाही, पण त्या एकदाच होतात.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. या गेमची सगळी कमाई पात्रांच्या लॉटरीवर चालते. ज्याला ‘विश’ म्हणतात. आवडतं पात्र मिळावं म्हणून लोक किती घालवतात ते बोलायलाच नको. पण पत या गेममध्ये विकायला ठेवलेली नाही. मला हे या कंपनीचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. शहरातला श्रीमंत खेळाडू असो की मोहाडीचा दीड जीबीवाला, इनाझुमात पाऊल ठेवलं की दोघेही शून्यावर. लीयुएमध्ये तुम्ही शेवटच्या पायरीवर असलात तरी इनाझुमाला त्याचं काही नाही. आपल्याकडे नाही का, लाखांदूरमध्ये ज्याला सगळे भाऊ म्हणतात तो तुमसरच्या बाजारात उभा राहिला की पहिला प्रश्न, “कोणाचा गा तू?”

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नाटलान नावाचा प्रदेश आला तेव्हा त्यांनी हे आणखी बारीक केलं. तिथे देशाची एक पत नाही, टोळीटोळीची वेगळी. एका टोळीनं मानलं म्हणून शेजारची मानेल असं नाही. हे ज्यानं सुचवलं त्यानं खेडं पाहिलेलं असणार.

पत वाढून मिळतं काय? नावाचं कार्ड, त्या प्रदेशाचा ग्लायडर, खजिन्याच्या पेट्या शोधणारं होकायंत्र, खाद्यपदार्थांच्या कृती. लीयुएमध्ये सुरुवातीच्याच पायऱ्यांवर कंडेन्स्ड रेझिनची कृती मिळते. रेझिन म्हणजे गेममधली ती शक्ती, जी खर्चून बक्षीस उचलता येतं. कंडेन्स्ड केलं की जे दोनदा लढून मिळवायचं ते एकदाच लढून मिळतं. बारावीच्या पोराला याच्यापेक्षा कामाचं दुसरं काही नाही, आणि ते फक्त लीयुएची यू बाई देते.

हंड्यात मावणारं घर

आता घर. एप्रिल २०२१ च्या १.५ अपडेटमध्ये आलं, नाव सेरेनिटी पॉट. सुरुवातीला त्याला ॲडव्हेंचर रँक ३५ लागायचा. लीयुएमध्ये पिंग नावाची म्हातारी आहे, ती तुम्हाला एक चहाची किटली देते. किटलीत शिरलात की आत डोंगर, अंगण, वाडा, सगळं. आत टबी नावाचा गोल पक्ष्यासारखा प्राणी राहतो, तो कारभारी.

जगात कुठेही असा, कड्यावर असा, वाळवंटात असा, (लढाई चालू नसली म्हणजे झालं) किटली काढायची, खाली ठेवायची आणि घरात जायचं. गाव सोडलं तर घर सुटत नाही. घरपट्टी नाही, शेजारी नाही, बांधावरून भांडण नाही. हो, गावठाण वाढवून मागायला तहसीलला चकरा नाहीत.

आत करायचं काय? लाकूड तोडायचं. पाइन, बर्च, बांबू, प्रत्येक झाड वेगळ्या ठिकाणी. झाडावर तलवार मारत उभं राहायचं, ओंडके पडतात. त्याचं फर्निचर करायला टाकायचं, त्याला तासनतास लागतात. प्रत्येक नवी वस्तू पहिल्यांदा केली की टबीचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो, दहा पायऱ्यांपर्यंत. म्हणजे पत इथेही आहे बरं का. फक्त ती एकट्या कारभाऱ्याकडे.

मांडलेल्या सामानाची ‘ॲडेप्टल एनर्जी’ मोजली जाते आणि त्यावर तासाला नाणी साठतात. अगदी रिकाम्या घराला तासाला ४, एनर्जी २०,००० च्या वर नेलीत तर तासाला ३०. दहाव्या पायरीवर साठवायची मर्यादा २४०० आहे. २४०० भागिले ३० म्हणजे ८० तास. तीन दिवस आणि आठ तास. याचा साधा अर्थ असा की भरलेलं घर असेल तर आठवड्यातून दोनदा डोकावलं तरी फारसं वाया जात नाही. रोज जाण्याची काही गरज नाही. त्या नाण्यांतून दर आठवड्याला थोडं जादा रेझिन मिळतं, पात्रं वाढवायची पुस्तकं मिळतात. घरात पात्रं ठेवली की त्यांची मैत्रीही बसल्या जागी वाढते. शुक्रवार ते रविवार एक फिरता व्यापारी येतो, आणि प्रत्येकाच्या घरी त्याच्याकडे माल वेगळा. म्हणून दोस्ताच्या घरी जाऊन खरेदी करायची. आठवडी बाजाराची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

सुंदर घर करायचं नसेल, नुसती नाणीच पाहिजेत, तर एक युक्ती सगळेच वापरतात. कमी जागा खाणारं, जास्त एनर्जी देणारं सामान एका कोपऱ्यात थप्पी लावून टाकायचं. दिसायला भाताचं गोदाम. टबी काही म्हणत नाही. पण फोनवर सामानाला मर्यादा असते, ती लवकर भरते, शिवाय साध्या फोनवर जास्त मांडलं की आत शिरायलाच वेळ लागतो आणि हात भाजतो तो वेगळा.

उलटं असतं तर?

आता बघा काय झालं. गेनशिनमध्ये घर फिरतं आणि पत जागेवर राहते. हे असंच असावं असा काही नियम नाही. दुसऱ्या गेमांनी नेमकं उलट केलंय, आणि तिथे लोक जे भोगलेत ते ऐकण्यासारखं आहे.

१९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला. त्यात घर खऱ्या जमिनीवर बांधायचं, म्हणजे गेमच्या नकाशावरच. जो आधी आला त्यानं जागा धरली. काही काळानं जागाच संपली! मग काय, लोक गेममधली घरं ईबेवर खऱ्या डॉलरमध्ये विकायला लागले. वापर सोडला तर घर मोडकळीला यायचं आणि शेवटी पडायचं. ते पडायची वाट बघत लोक बाहेर उभे राहायचे, रिकामी झालेली जागा धरायला.

फायनल फँटसी १४ मध्ये आजही तसंच. एका वस्तीत ६० प्लॉट. घेणारे जास्त, प्लॉट कमी, म्हणून एप्रिल २०२२ पासून सोडत काढतात. सोडत लागली, घर घेतलं, आणि ४५ दिवस दारात पाय ठेवला नाही की घर पाडतात. आपोआप. म्हणजे परीक्षेसाठी दोन महिने गेम बंद ठेवला तर गेलं घर. २०२० मध्ये कोविडमुळे त्यांनी ही पाडापाडी थांबवली होती, कारण माणसं दवाखान्यात आहेत की नोकरी गेलीय, कंपनीला कसं कळणार. जपानमध्ये नोतोला २०२४ च्या सुरुवातीला भूकंप झाला तेव्हाही थांबवली. विचार करा, भूकंपात खरं घर पडलेल्या माणसाचं गेममधलं घर तरी राहू द्या, असं कोणाला तरी वाटलं.

आणि पतीचं? १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये तुम्ही डार्क एल्फ म्हणून जन्म घेतलात आणि केनोस नावाच्या शहराच्या वेशीवर गेलात, तर पहारेकरी विचारपूस न करता मारायचे. तुम्ही काही केलेलं नसायचं. जन्मच तसा. जात पाहून वेशीबाहेर ठेवणं आपल्याकडे नवीन नाही, त्यामुळे हे वाचताना मला हसू आलं नाही. गेनशिनची पत त्या मानानं फार सौम्य आहे. ती कधी कमीच होत नाही. गावकऱ्याच्या कोंबड्या मारा, झाडं तोडा, हर्थाच्या वहीतला आकडा खाली येत नाही. खेळायला सोपं, पण खरं म्हणाल तर थोडं फुळकवणी. जी पत जाऊच शकत नाही तिला पत म्हणायचं का, हा माझा आपला प्रश्न.

इथे मला आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट काढावीच लागेल. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्यात उठली, नव्या गावठाणात गेली. तुमच्यापैकी काहींचे आईवडील, आजी-आजोबा त्यातले असतील. मी पुनर्वसनाला गेम म्हणत नाही, गैरसमज नको. पण ज्यांना ‘घर हलतं, पत हलत नाही’ हे शब्दांत कळत नाही त्यांनी त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. प्लॉट मोजून देता येतो. रस्ता, शाळा, हातपंप कागदावर लिहिता येतं. पण जुन्या गावात रोवणीच्या दिवसांत कोण हाकेसरशी येत होतं, कोणत्या दुकानात वही उघडी होती, मयतीला पहिलं कोण पोचायचं, याचा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नसतो. ते नव्या जागी शून्यापासून. आणि तिथे आठवड्याला ४२० असा ठरलेला दरही नसतो.

म्हणून गेनशिनचा टीपॉट मला थोडा स्वप्नासारखा वाटतो. घर उचललं, खिशात घातलं, चाललो.

पण किटली कोणाची?

आता जरा कडू बोलतो. ती किटली तुमची नाही. खातं कंपनीच्या सर्व्हरवर, नियम कंपनीचे, तुम्हाला वापरायची परवानगी. आशियाच्या सर्व्हरवर खेळत असाल तर ते खातं युरोपच्या सर्व्हरवर नेता येत नाही. तिकडे गेलात की घरही नाही, पतही नाही. नवीन खेळणाऱ्यांनी दोस्तांचा सर्व्हर कोणता ते विचारूनच सुरुवात करा, नंतर रडून उपयोग नाही.

आणि पब्जीचं काय झालं ते तर आपण पाहिलं. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुना माल हलवायला काही महिने मुदत मिळाली, ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांचं गेलं. मग २०२२ च्या जुलैमध्ये बीजीएमआयही दुकानातून उतरला आणि मे २०२३ मध्ये परत आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिला आणि खातं त्यात चाललं, म्हणून पोरं वाचली. प्रत्येक वेळी असं नशीब असेलच असं नाही. स्टार वॉर्स गॅलक्सीज नावाच्या गेममध्ये खेळाडूंनी आख्खी शहरं वसवली होती, त्यांचे महापौर निवडले होते. १५ डिसेंबर २०११ ला सर्व्हर बंद झाला. शहरं, महापौर, फर्निचर, सगळं एका रात्रीत.

यावरून आणखी एक. टेलिग्रामवर, इन्स्टावर ‘सगळ्या प्रदेशांत पत पूर्ण, घर सजवलेलं’ अशी खाती विकायला असतात. घेऊ नका. एक तर ते कंपनीच्या नियमात बसत नाही. दुसरं, ज्याच्या मूळ ईमेलवर ते खातं उघडलंय तो उद्या कंपनीला लिहून खातं परत घेऊ शकतो, आणि तुमचे पैसे गेले ते गेले. पोलिसांत काय सांगणार, माझी किटली चोरली?

तर आमच्या तुमसरच्या बारावीवाल्या भावासाठी, किंवा ताईसाठी, आवाजावरून नीट कळलं नाही. माझं मत असं. पत आधी, आणि त्यातही लीयुए आधी, कंडेन्स्ड रेझिनची कृती मिळेपर्यंत. कारण पतीला आठवड्याचा कोटा आहे आणि हुकलेला आठवडा परत मिळत नाही. घराला तशी घाई नाही. ते पाडायला कोणी येणार नाही, टबी वाट बघतो. तीन बाउंटी, तीन रिक्वेस्ट, हात बसला की अर्ध्या-पाऊण तासाचं काम. घरात गोदामाची थप्पी एकदा लावून ठेवा, बुधवारी आणि रविवारी नाणी उचला. सजावट परीक्षेनंतर. मार्चनंतर तुम्हाला बांबूच्या बनात चंद्र दिसेल असा वाडा करायचा असेल तर आम्हाला स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.

एक वेळेचा घोळ मिटवतो, कारण त्यावर तीन जणांनी विचारलंय. आठवडा सोमवारी सर्व्हरच्या पहाटे चार वाजता बदलतो. आशिया सर्व्हरला म्हणजे आपल्या घड्याळात रविवारची रात्र उलटून दीड वाजता. युरोप सर्व्हरवर असाल तर सोमवारी सकाळी साडेआठला, अमेरिकेला दुपारी अडीचला. तेव्हा आशियावाल्यांनी ‘सोमवारी सकाळी उठून उरलेल्या बाउंटी करतो’ म्हणू नका, तोवर गेल्या आठवड्याचा कोटा संपलेला असतो. रविवारी जेवण झालं की उरकून घ्या आणि झोपा. सोमवारी शाळा आहे.

चला, पाऊस वाढलाय, लाइट जायच्या आत फाइल सेव्ह करतो. भेटू पुढच्या गुरुवारी.